हीच पाठवायची, दोन

शनिवारी सहामाही प्रगती अहवालाची प्रिंट काढायला विद्यापीठासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. मागे आठ-दहा जणांची रांग. दुकानदाराने पेन ड्राइव्ह उघडला आणि खणखणीत आवाजात वाचायला लागला : "अंतिम. अंतिम नवीन. अंतिम सर. अंतिम सर दुरुस्त. हीच पाठवायची. हीच पाठवायची दोन. कुठली काढू?"

मला आठवेना.

तेवढ्यात रांगेतले एक आजोबा आधार कार्ड घेऊन पुढे सरकले.

"पीएचडी का? कशात?"

"इतिहासात. पेशवेकालीन पत्रं."

"कितवं वर्ष?"

"पाचवं."

आजोबांनी पंचनाम्याला साक्षीदार हवेत तसं रांगेकडे वळून पाहिलं. "मी छत्तीस वर्षं आवक-जावक सांभाळलं. कागद आला की आधी तारीख, मग नंबर, मग चहा. तुमच्या एका तरी फायलीवर तारीख आहे का? त्या पत्रांवर तरी असते की नाही?"

इथे मी फसलो. ज्ञान पाजळायची खोड. म्हटलं, बऱ्याच पत्रांवर नुसतं 'छ ९ रजब' असं असतं. छ म्हणजे चंद्र, महिना मुसलमानी, साल बेपत्ता. मग मजकुरातल्या स्वाऱ्या नि मृत्यू पडताळून साल लावायचं. एका पत्रापायी तीन महिने गेले माझे!

"म्हणजे तो कारकून तुमच्यासारखाच," आजोबा म्हणाले.

रांग हसली. दुकानदार तर टेबलावर थाप मारून हसला.

मग उपदेश. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस घाला, कॉम्प्युटर आपोआप ओळीने लावतो. टिपण काढलं की कुठल्या गठ्ठ्यातून घेतलं ते तिथल्या तिथे लिहा. एक प्रत दुसऱ्याच्या घरी ठेवा, वाळवी सांगून येत नाही. राग याचा की सगळं बरोबर होतं. माझ्याकडे दोनशे पानांची वही आहे, सुंदर उतारे आहेत, रुमाल क्रमांक, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्याचा नंबर, एकाचाही नाही. म्हणजे पुन्हा दप्तरखाना, पुन्हा अर्ज, पुन्हा 'साहेब जेवायला गेलेत'.

आमचे सर दर भेटीत इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांचा दाखला देतात. गावोगाव पायपीट करून दप्तरं मिळवली, १८९८पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड काढले. काढले, मान्य. पण त्यांना समितीपुढे सात प्रतींत 'प्रगती' दाखवावी लागत नव्हती. आणि माझं तिसरं प्रकरण सरांच्या टेबलावर चार महिने पडून आहे, फेलोशिप दिवाळीपासून जमा नाही, त्याची आवक-जावक कोण ठेवतं? शिस्त लागते ती फक्त आम्हाला.

शेवटी 'हीच पाठवायची दोन' काढली. पैसे देताना पाहिलं, आजोबा रस्ता ओलांडत होते आणि त्यांचं मूळ आधार कार्ड मशीनच्या काचेवरच राहिलं होतं.

मी हाक मारली. दुसऱ्यांदा मारलेली त्यांना ऐकू गेली. पहिली मी मनातच मारली होती.