घर तुमचं की इंटिरिअरवाल्याचं?

घर बघून माणूस कळतो म्हणतात. हल्ली नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला गेलं की मला माणूस कळत नाही, फक्त इंटिरिअरवाला कळतो. आमच्या कोल्हापुरात उजळाईवाडीला जा नाहीतर फुलेवाडीला, तोच राखाडी सोफा, टीव्हीमागं त्याच लाकडी पट्ट्या, पीओपीच्या खाचेतून येणारा तोच निळसर उजेड. घरमालकाला विचारावं, "हे असंच का केलंत हो?" तर उत्तर येतं, "सध्या हेच चाललंय."

दुसरीकडं मोबाईलवर त्या प्रश्नावल्या असतात. तुमचा स्वभाव सांगा, आम्ही स्टाईल सांगतो. शांत असाल तर मिनिमल, म्हणजे मोजकंच सामान; मनस्वी असाल तर बोहेमियन, म्हणजे रंगीबेरंगी सरमिसळ; बेधडक असाल तर इंडस्ट्रियल. माझा यावर काडीचा विश्वास नाही. एक तर अशा ठिकाणी आपण जसे आहोत तसं कुणी लिहीत नाही, जसं दिसावंसं वाटतं तसं लिहितो. आणि दुसरं, या स्टाईली काही माणसाच्या पत्रिकेतून निघालेल्या नाहीत. त्या कुठल्यातरी हवेतून, कुठल्यातरी अडचणीतून आल्या आहेत.

स्कँडिनेव्हियन म्हणजे पांढऱ्या भिंती आणि फिकट लाकूड. तिकडं हिवाळ्यात दिवस इतका छोटा, की मिळेल तो उजेड भिंतींनी परतवून खोलीभर पसरवावा लागतो. आपल्याकडं एप्रिलमध्ये पडदा ओढल्याशिवाय हॉलमध्ये बसवत नाही! इंडस्ट्रियलचंही तसंच. न्यूयॉर्कच्या सोहो भागात १९६०-७० च्या दशकांत कारखान्यांचे रिकामे मजले स्वस्तात मिळायचे, म्हणून चित्रकार-शिल्पकार तिथं राहू लागले. विटा आणि पाईप उघडे होते, ते तसेच राहिले. पुढं त्याचीच फॅशन झाली. आमच्या ओळखीतले एक काका शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहेत. त्यांना पोरानं हौसेनं असल्या हॉलचं चित्र दाखवलं. काका म्हणाले, "दिवसभर भट्टीम्होरंच असतोय की मी. घरात तरी जरा पडदं-बिडदं लाव." माझ्या मते स्वभावाला शोभणारी सजावट या विषयावर याहून शहाणं कुणी बोललेलं नाही.

स्वभाव शोधायचाच असेल तर सवयी बघा. घरी आल्यावर किल्ली कुठं टाकता? चहा कुठं बसून पिता? कोणती खुर्ची कपड्यांनी भरलेली असते? ती खुर्ची रोज भरत असेल तर तुम्हाला मिनिमल घर नको, बंद दारांची मोठी कपाटं हवीत. आणि पसारा डोळ्यासमोर असला तरच ज्याला वस्तू सापडतात, अशा माणसाला उघडी फळीच बरी. तो आळशी नाही, त्याचं डोकं तसं चालतं.

आपल्या गावात आणखी एक गोष्ट बघायला हवी, माणसं किती येतात. फोन न करता येणारी, "निघतो" म्हणून आणखी तासभर बसणारी, आणि मटणाचा बेत असला की दहाच्या ठिकाणी पंधरा होणारी. असल्या घरात सहा खुर्च्यांचं काचेचं टेबल कशाला? ते वर्षभर इस्त्रीच्या कपड्यांसाठी आणि पेपरच्या रद्दीसाठी राहतं. जुन्या घरांतल्या सोप्याला दिवाण, भिंतीला टेकून बैठक आणि मधे मोकळी जमीन असायची, ते या स्वभावाला बरोबर होतं. हे उलटंही खरं. तुम्हाला माणसांची गर्दी सोसत नसेल तर दोन खुर्च्यांचा हॉल करा, लाजू नका. कोल्हापुरातही अबोल माणसं असतात, फक्त त्यांचं कुणी ऐकत नाही.

एका घरात आजोबांना कुस्तीत मिळालेली चांदीची गदा 'थीमला जात नाही' म्हणून माळ्यावर गेली. तिच्या जागी भिंतीवर ऑनलाइन मागवलेलं हरणाचं धातूचं तोंड आलं. मी काही बोलले नाही, पण जेवण गोड लागलं नाही.

एकच स्टाईल सगळ्या घरभर पाळायची, हा हट्ट कुणी सुरू केला कोण जाणे. आपला न्यू पॅलेस बघा. चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुविशारदानं आराखडा केला, १८७७ ते १८८४ या काळात तो काळ्या दगडात उभा राहिला. जैन-हिंदू देवळांची वळणं आहेत, राजवाड्याचा थाट आहे आणि मधोमध घड्याळाचा मनोरा. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवाजी महाराजांच्या आयुष्यातले प्रसंग. विलायती काचकामात आपली गोष्ट! मग तुमच्या सोफ्यावर पट्टणकोडोलीच्या यात्रेतून आणलेलं घोंगडं टाकलं तर बिघडतंय कुठं?

हवेपुढं मात्र स्वभाव चालत नाही. चार महिने पाऊस, भिंतींना ओल, कपाटात बुरशीचा वास. स्वयंपाकघराला आणि बेसिनखाली साधं, नुसता दमटपणा सोसणारं एमआर प्लाय लावू नका, आयएस ७१० चा शिक्का असलेलं पाणी सोसणारं प्लाय घ्या. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी रमणमळ्यात किंवा दुधाळीत बघितला, त्यांना हे सांगायला नको. तळमजल्यावर राहत असाल तर भिंतीत ठोकून बसवलेल्या फर्निचरपेक्षा उचलून वर नेता येईल असं सामान घ्या, मग तुमचा स्वभाव राजेशाही असो नाहीतर फकिरी.

राहिला भांडणाचा विषय. घरात स्वभाव एक नसतो. सासूबाईंना देवघराशेजारी समईचा उजेड हवा, पोराला खोलीत पेठेतल्या फुटबॉल टीमचे रंग हवेत, ह्यांना सगळं पांढरं हवं, आणि मला झाडं. आमच्याकडं वाटणी झाली आहे. हॉलमध्ये कुणाचीच हौस पूर्ण करायची नाही, ज्याच्या त्याच्या कोपऱ्यात दुसऱ्यानं बोलायचं नाही. पोराच्या भिंतीकडं मी डोळे मिटूनच जाते.

पैसे कमी असतील तर सोफ्याच्या आधी बल्ब बदला. ६५०० केल्विनच्या पांढऱ्याफेक उजेडात सागवानी झोपाळासुद्धा दवाखान्यातला वाटतो. बसायच्या जागी २७०० ते ३००० चा पिवळसर लावा, ओट्यावर आणि अभ्यासाला पांढरा राहू दे. आणि रंग दुकानातल्या कार्डावरून ठरवू नका. छोटा डबा आणून भिंतीवर हातभर पट्टा मारा आणि जुलैत झड लागलेल्या दुपारी बघा. मे महिन्यात हौसेनं निवडलेला राखाडी तेव्हा कसा दिसतो ते रंगवणाऱ्या मिस्त्रीला विचारा, तो उत्तर द्यायच्या आधी हसेल.