काँक्रीटचा दगड होतो म्हणे, मग सळईचं काय?

काल मामांनी तो मेसेज मला पाठवला, 'जुनी इमारत म्हणजे पक्की इमारत'. खाली त्यांची ओळ: 'बघ, आम्ही उगाच इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटवर खर्च करायला निघालो होतो.' मामा त्यांच्या इमारतीच्या समितीत आहेत, म्हणून हसून सोडता येईना.

मेसेज म्हणतो, काँक्रीट हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं, त्यातल्या चुन्याची चुनखडी होते आणि काँक्रीट वर्षागणिक घट्ट होतं. पुढे ही क्रिया मंदावते. हॅमर टेस्टमध्ये, म्हणजे काँक्रीटवर छोटा हातोडा आपटून त्याची उसळी मोजण्याच्या चाचणीत, जुन्या इमारतींचे आकडे चांगले येतात. आणि शेवटी रोमन लोकांच्या अजून उभ्या असलेल्या काँक्रीटच्या वास्तू, त्या असायच्याच.

चुनखडीचं खरं आहे, नाइलाज आहे. कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं कॅल्शियम कार्बोनेट होतं, वरचा थर थोडा टणकही होतो. पण आत सळई आहे हे मेसेज लिहिणारा साफ विसरला. ताज्या काँक्रीटचा पीएच १२.५ च्या वर असतो, म्हणजे ते खूप अल्कधर्मी असतं, त्यामुळे सळईवर ऑक्साइडचा अगदी पातळ पापुद्रा टिकतो आणि ती गंजत नाही. चुनखडी होत गेली (यालाच कार्बोनेशन म्हणतात) की पीएच ९ च्या खाली येतो आणि पापुद्रा जातो. मग ओल आणि ऑक्सिजन मिळायचा अवकाश. गंजाला मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा लागते, ती तो कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फोडून करून घेतो. मेसेजमधला 'घट्ट' थर तो हाच, पोपडा होऊन खाली पडणारा.

मामांच्याच जिन्याखालच्या कॉलमचा कोपरा फुटला तेव्हा ताज्या तुटलेल्या कडेवर मी फिनॉल्फ्थॅलिन शिंपडलं होतं; पीएच चढा असेल तिथे ते गुलाबी होतं. आतला भाग गडद गुलाबी झाला. बाहेरचा दोन बोटं रुंद पट्टा राखाडीच राहिला, आणि सळई त्या राखाडीत होती. मामा शेजारीच उभे होते!

हॅमरचा मुद्दा सगळ्यात घातक. रिबाउंड हॅमर फक्त पृष्ठभागाचा टणकपणा मोजतो. आयएस १३३११ भाग २ या १९९२ च्या भारतीय मानकात (आता त्याची जागा नव्या मानकाने घेतलीय) स्वच्छ लिहिलं होतं की कार्बोनेशन झालेल्या काँक्रीटची ताकद या चाचणीत फुगून दिसते, टोकाला ५० टक्क्यांपर्यंत. म्हणजे रोगाचं लक्षणच तब्येतीचा दाखला म्हणून फिरतंय.

मंदावण्याचं म्हणाल, तर कार्बोनेशनची खोली साधारण वेळेच्या वर्गमुळाने वाढते: १६ वर्षांत १० मिमी, तर ६४ वर्षांत २०. आता हेच उलटं वाचा. कव्हर निम्मं असेल तर सळईपर्यंत पोचायची मुदत चौथाई. सळई उचलून धरणारे कव्हर ब्लॉक न लावता ती शटरिंगला (ओतायच्या साच्याला) टेकवून ओतलेल्या स्लॅबला मंदावण्याचा काय उपयोग?

रोमच्या पँथिऑनच्या घुमटात सळईच नाही. विषय संपला.

मामा, ऑडिट रद्द करू नका. नुसत्या हॅमरवरही भागवू देऊ नका. कार्बोनेशनची खोली आणि सळईवरचं कव्हर मोजून मागा, सळई गंजत असण्याची शक्यता दाखवणारी हाफ-सेल चाचणीही करून घ्या. आणि तोवर त्या कोपऱ्यावर गिलावा मारू नका.