धुळ्याच्या भाऊंच्या कमेंटला उत्तर: खड्डा ओरडायचा का, आणि थांबायचं कोणी

भाऊ, कमेंट चांगली तिखट लिहिलीत, बरं झालं, नाहीतर सायकलच्या ग्रुप राइडवर काही लिहिलं की नुसते अंगठे येतात. तुमचं म्हणणं दोन गोष्टींचं आहे. एक, हात दाखवणं, "खड्डा!" म्हणून ओरडणं ही सगळी टीव्हीवरच्या रेसची नक्कल आहे. दुसरं, ज्याला स्पीड झेपत नाही त्याने ग्रुपमध्ये यावंच कशाला, बाकीच्यांनी त्याच्यासाठी उन्हात का तापायचं.

पहिल्यावर मी जरापण मागे हटणार नाही. तुम्ही धुळ्याचे, वाऱ्याचं तुम्हाला मी काय सांगू, ब्राह्मणवेलला एवढ्या पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. पावसाळ्यात जळगावहून पारोळ्याकडे निघालं की वारा सरळ छातीवर येतो, तेव्हा पुढच्याच्या चाकामागे राहिलं की पाव हिस्सा तरी मेहनत वाचते, म्हणून तर आपण ग्रुपने जातो ना. पण त्यासाठी मीटरभर अंतरावर चिकटून राहावं लागतं, आणि ताशी ३० म्हणजे सेकंदाला आठ मीटरच्या वर, म्हणजे पुढच्याच्या चाकाखालचा खड्डा ०.१२ सेकंदात तुमच्या चाकाखाली, एवढ्यात ब्रेकवर बोटंसुद्धा जात नाहीत. मागच्याला दिसतं काय, तर पुढच्याची पाठ आणि जर्सीच्या खिशातली केळी. मग ओरडायचं नाही तर काय करायचं? आणि पुढच्याने न सांगता खड्डा चुकवला आणि मागच्याचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला घुसलेलं असलं, तर चाकं घासतात, पुढचा बहुतेक वेळा सावरतो, पडतो तो मागचा, आणि त्याच्या अंगावर अजून दोघं. बाजूने केळीचा ट्रक चाललेला असताना हे झालं तर काय, ते लिहीत नाही.

आता थांबण्याचं. इथे तुमचं अर्धं बरोबर आहे, एप्रिल-मे मध्ये साडेआठनंतर रस्त्यावर अर्धा तास कोणाची वाट बघणं म्हणजे शिक्षाच. पण मागे राहणारा दर वेळी कच्चाच असतो असं नाही हो! गावातला स्पीडब्रेकर घ्या. पुढचा तो ओलांडतो आणि लगेच जोरात पायडल मारतो, तेव्हा दहावा माणूस अजून ब्रेकरवरच असतो, त्याला गॅप भरायला स्प्रिंट मारावी लागते, पुढच्या गावात परत तेच, असं एरंडोलपर्यंत झालं की चांगला तयारीचा माणूससुद्धा सुटतो. आणि पुढचे म्हणतात, पोरगं कच्चं आहे. खरं तर ब्रेकर ओलांडला की मागून "सगळे आले" असा आवाज येईपर्यंत पुढच्याने निवांत पायडल मारायचं, आणि आपला पुढे राहायचा नंबर आला म्हणून स्पीड वाढवायचा नाही, आहे तोच धरायचा. हौस असेल तर परतताना शेवटचे पाच किलोमीटर आहेतच की.

आणि भांडण निम्मं तर आदल्या रात्रीच मिटतं, व्हॉट्सॅपवर नुसतं "उद्या साडेपाचला, लाँग राइड" एवढं टाकण्याऐवजी किती किलोमीटर, सरासरी किती, चहा कुठे आणि सुटलेल्यासाठी थांबणार की नाही हे लिहिलं तर. थांबणार नसाल तर तेही लिहा, मला काही प्रॉब्लेम नाही, ज्याला झेपेल तो येईल. पण नव्या माणसाला "ये रे, आरामात जाऊ" म्हणून बोलवायचं आणि जळगावजवळचं पाळधी येईपर्यंत सोडून द्यायचं, हे मला पटत नाही, भले तुम्ही मला मास्तर म्हणा.

हेल्मेट आणि मागचा लाल दिवा यावर चर्चा करणार नाही. अंधारात पुढे ट्रॉलीला दिवा नाही, निदान आपल्याला तरी असू द्या.

आमची पुढची राइड एरंडोलजवळच्या पद्मालयची आहे, सपाटीवर ताशी २२ ते २४, दोन ग्रुप, हायवेवर सिंगल लाइन. चढावर कोणी कोणासाठी थांबत नाही, तिथे स्पीड कमी, मागे राहून वारा फारसा वाचत नाही, म्हणून ज्याने त्याने आपल्या दमाने चढायचं आणि वर भेटायचं. तुम्हाला धुळ्याहून यायचं असेल तर पारोळ्यामार्गे एरंडोलला या, कमेंटमध्ये कळवा, चहा तुमच्यासाठी थांबवतो.