मुक्काम पोस्ट स्पॅम

सोसायटीची मेंटेनन्सची बिलं थेट स्पॅममध्ये जायला लागली आणि "तू कंप्युटरमधलाच ना?" एवढ्यावर रविवार माझ्या गळ्यात पडला. मेल सर्व्हर मीच लावून दिलेला, तोही फुकटात. पळणार कुठे?

सोसायटीच्या ऑफिसात बसून डीएनएस उघडलं, म्हणजे सोसायटीच्या डोमेनच्या, इंटरनेटवरच्या नावाच्या, नोंदी. एमएक्स, म्हणजे आपली मेल कुठे यायची ते, ठीक. पीटीआर, म्हणजे सर्व्हरच्या नंबरावरून त्याचं नाव, ठीक. डीकेआयएमची, म्हणजे मेलवरच्या डिजिटल सहीची, ती मारुतीच्या शेपटासारखी चावी, 255 अक्षरांपुढे तुकडे करून लावावी लागते, तीही ठीक. शेजारच्या खुर्चीत तिसऱ्या मजल्यावरचे काका. आरएमएसमधून, रेल्वेच्या टपाल सेवेतून रिटायर, म्हणजे धावत्या गाडीत रात्रभर पत्रं लावलेला माणूस.

"पिनकोड घातलास?"

"काका, याला पिनकोड नसतो."

"1972 पर्यंत आम्हालाही नव्हता. पत्रावर नुसतं 'मु. पो. नांदगाव'. आता नांदगावं किती? नाशकाकडे एक, अमरावतीकडे एक, मुरूडजवळ एक. मी अक्षरावरून ओळखायचो. जोडाक्षर चुकलं की समजायचं, मास्तरांचं नाही."

दोन तास हे. शेवटी गप्प बसावेत म्हणून त्यांना एसपीएफ समजावलं: आपल्या नावाने कोणत्या सर्व्हरने मेल पाठवायची, त्याचं अधिकारपत्र.

काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, स्क्रीनला नाक लावलं. "मग ही दोन कशी?"

होती. दोन. एक माझं, एक आधीच्या सेक्रेटरीच्या भाच्याने कधीतरी चिकटवलेलं. एका डोमेनला एसपीएफ एकच. दोन दिसली की समोरचा सर्व्हर दोन्ही धुडकावतो. हे मी ऑफिसात पोरांना शिकवतो हो! पगार घेऊन!

"आम्हीसुद्धा दोन्ही बाजूला ठेवायचो," काका म्हणाले.

दोन्हींची एक ओळ केली. टीटीएल 86400 सेकंद, म्हणजे जुनी नोंद विसरली जायला अख्खा दिवस. दर अर्ध्या तासाने इंटरकॉम: "निघाली का रे? आमची गाडी एवढ्यात मनमाडला लागायची."

पुढच्या मीटिंगच्या इतिवृत्तात 'तांत्रिक मार्गदर्शनाबद्दल' काकांचे आभार. नाव माझंही आहे, थकबाकीदारांत. माझं बिल माझ्याच स्पॅममध्ये पडलेलं. दंड 50 रुपये. पन्नासाचं काही नाही, पण बोर्डावर लावायची काय गरज होती? मी कमिटीपुढे तणतणलो, तर उत्तर काकांनीच दिलं.

"पेटी तुझ्या दाराला. उघडून बघणं पोस्टाचं काम नाही."