पंचेचाळीस पक्वान्नं, भात मात्र नाही

मॅजिक या कार्डांच्या खेळात पहिल्या पॅकची 15 कार्डं हातात पंख्यासारखी पसरली की पंगतीत जिलेबी, श्रीखंड आणि बासुंदी एकाच वेळी वाढायला आल्यासारखं होतं. फरक एवढाच, की इथे पंधरातलं एक उचलायचं आणि उरलेली चौदा डावीकडच्याच्या पानात वाढायची. उचलताना चेहरा खुलवायचा नाही, कारण लोटस, म्हणजे सगळ्यांना हवं असलेलं कार्ड, मिळाल्याचं सगळ्या टेबलाला कळतं. देताना चेहरा पाडायचा नाही, कारण डावीकडचा लगेच म्हणतो, "अरे वा, बरंच काही सोडलंस की!"

मॅजिक : द गॅदरिंगचा पॉवर क्यूब ज्यांच्या वाटेला आलेला नाही ते सुखी जीव. त्यांच्यासाठी थोडक्यात : रिचर्ड गारफिल्डचा हा खेळ 1993 साली आला. त्यानंतरच्या सगळ्या वर्षांतली सगळ्यात माजलेली कार्डं निवडून, प्रत्येकाची एकच प्रत घेऊन, साधारण 540 कार्डांचा गठ्ठा बांधायचा, तो हा क्यूब. आठ जण बसतात. प्रत्येकापुढे 15 कार्डांचे तीन पॅक. एक कार्ड घ्यायचं, उरलेली पुढे सरकवायची, हाच ड्राफ्ट. पहिला पॅक डावीकडे, दुसरा उजवीकडे, तिसरा परत डावीकडे. शेवटी प्रत्येकाकडे 45 कार्डं जमतात, त्यातून 40 चा डेक बांधायचा. बेसिक लँड, म्हणजे मॅना (कार्डं खेळायचं चलन) देणारी बेट, डोंगर, जंगल वगैरे साधी कार्डं, पेटीतून हवी तेवढी फुकट.

गठ्ठ्याच्या शिरोभागी 'पॉवर नाइन' : ब्लॅक लोटस, पाच रंगांचे पाच मॉक्स, ॲन्सेस्ट्रल रिकॉल, टाइम वॉक आणि टाइमट्विस्टर. पुन्हा न छापण्याची जी यादी कंपनीने 1996 साली जाहीर केली, तीत ही नऊच्या नऊ आहेत. खरं ब्लॅक लोटस विकत घ्यायचं तर आधी घराच्या हप्त्यांचा विचार करावा लागतो, म्हणून घरगुती क्यूबमध्ये बहुतेक वेळा रंगीत प्रिंट असते. प्रिंट नुसती स्लीव्हमध्ये, म्हणजे कार्डाच्या प्लॅस्टिकच्या खोळीत, सरकवली तर ती लेचीपेची लागते आणि पिसताना बोटांना कळते. मागे एखादं जुनं बेसिक लँड घालावं. स्लीव्हचा हिशोबही आधीच करून ठेवावा. 540 कार्डं, शिवाय पाच रंगांची प्रत्येकी 40 बेसिक लँड, म्हणजे 740. शंभरची आठ पाकिटं एकाच वेळी, एकाच दुकानातून आणावीत. दोन महिन्यांनी आणलेलं नववं पाकीट त्याच कंपनीचं, त्याच नावाचं आणि तरी एक छटा वेगळं निघतं, आणि मग गठ्ठ्यात वरून तिसरं कार्ड कुठलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. चमकणारी फॉइल कार्डं तर क्यूबमध्ये घालूच नयेत. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती उडदाच्या पापडासारखी वळतात.

पिसणं हा स्वतंत्र छळ आहे. स्लीव्हमधली 540 कार्डं एका हातात मावत नाहीत. मागच्या वेळचे डेक तसेच पेटीत कोंबलेले असतात, त्यामुळे वरवर हात फिरवून पॅक लावले तर एकात सगळी तांबडी कार्डं आणि दुसऱ्यात नुसती लँड येतात. आधी सगळी कार्डं नऊ ढिगांत एकेक करून वाटायची. ही वाटणी म्हणजे पिसणं नव्हे, नुसती फोडाफोड. मग प्रत्येक ढीग सात-आठ वेळा एकमेकांत घुसवून पिसायचा, दोन-दोन ढिगांतून निम्मी निम्मी अदलाबदल करायची आणि पुन्हा पिसायचं. त्यानंतर 15 चे 24 पॅक मोजायचे. दोन कार्डं चिकटून एक पॅक 16 चा होतो, आणि हे नेमकं शेवटचं कार्ड उचलल्यावर लक्षात येतं. तेव्हा पहिलं कार्ड उचलण्याआधी आठही जणांनी आपापला पॅक मोजावा. "मोजलाय रे मी" म्हणणाऱ्याने दोनदा मोजावा.

आता मूळ दुखण्याकडे येतो. पहिल्या पॅकमध्ये ब्लॅक लोटस दिसलं तर घ्यायचं, यावर वाद नाही. वाद सोल रिंगवर आहे. लोटस फुकटात उतरतं, एकदाच तीन मॅना देतं आणि संपतं. सोल रिंगला एक मॅना लागतो, पण ती दर टर्नला दोन देत राहते. लोटस म्हणजे दिवाळीचा बोनस, सोल रिंग म्हणजे पगार. माझं मत पगाराच्या बाजूने, पण दोन्ही समोर असताना हात बोनसकडेच जातो. कुठलंही एक कार्ड 40 च्या डेकमधून सुरुवातीच्या सात पानांत येण्याची शक्यता 17.5 टक्के असते. म्हणजे सहा डाव खेळले तर पाचांत आपलं लोटस सुरुवातीला हाताशी नसतंच. त्या पाच डावांत काय खेळणार, हा प्रश्न ड्राफ्ट चालू असताना कुणालाही पडत नाही.

पडत नाही, कारण टिंकर दिसलेलं असतं. तीन मॅना, एखादं आर्टिफॅक्ट (मॉक्ससारखं वस्तूचं कार्ड) बळी द्यायचं आणि डेकमधून हवं ते आर्टिफॅक्ट थेट मैदानात आणायचं. आणायचं काय, तर ब्लाइटस्टील कोलोसस : एरवी बारा मॅनाचा 11/11 (ताकद अकरा, टिकाव अकरा) राक्षस. समोरच्याला जखम न करता विष देतो, आणि दहा विषात माणूस संपतो. म्हणजे एकाच हल्ल्यात खेळ खलास. ऐकायला गोड आहे. पण आठ जणांच्या ड्राफ्टमध्ये 540 पैकी 360 च कार्डं टेबलावर येतात, तेव्हा तीनात एकदा कोलोसस आज पेटीतच झोपलेला असतो. असलाच, तर तो उजवीकडच्याने आपल्याला मिळू नये म्हणून उचललेला असतो. शिवाय बळी द्यायला स्वस्त आर्टिफॅक्ट लागतं. डेकमध्ये अशी सहा असतील तर पहिल्या दहा पानांत त्यातलं एक तरी येण्याची शक्यता 85 टक्के असते. तीनच असतील तर ती 59 वर येते. आणि कोलोसस स्वतःच हातात आला, तर बारा मॅना जमेपर्यंत तो बिनभाड्याच्या पाहुण्यासारखा बसून राहतो.

दोन कार्डांच्या जोड्यांचा हिशोब तर सांगायलाच नको, पण सांगतो. टाइम व्हॉल्ट आणि व्होल्टेइक की ही जोडी जमली की सगळे टर्न आपलेच. मात्र दोन ठरावीक कार्डं 40 च्या डेकमधून वरच्या दहांत एकत्र येण्याची शक्यता सहा टक्क्यांच्याही किंचित खाली आहे. म्हणून जोडीचा अर्धा भाग उचलण्याआधी डिमॉनिक ट्यूटरसारखी शोधून आणणारी कार्डं उचलावीत. ती दिसायला रटाळ असतात, पण डेक तीच चालवतात.

आणि आता भात. लँड म्हणजे भात. पंगतीत भाताचं कौतुक कुणी करत नाही, आणि क्यूबमध्ये दहाव्या उचलीला अंडरग्राउंड सीसारखं दोन रंगांचं लँड दिसूनही लोक तेविसावं बरंसं क्रिएचर, म्हणजे लढणाऱ्या प्राण्याचं कार्ड, घेतात. मग डेक बांधायला बसलं की 45 पक्वान्नं समोर. "तीन मॉक्स आहेत, 14 लँड पुरतील," असं माणूस स्वतःला समजावतो. 17 लँडच्या डेकमध्ये पहिल्या सात पानांत एकही किंवा एकच लँड येण्याची शक्यता साधारण साडेदहा टक्के असते. 14 वर ती जवळजवळ 21 टक्के होते. सरळ दुप्पट. आणि मॉक्स लँडची जागा पूर्ण भरत नाही, कारण तो एकाच रंगाचा मॅना देतो आणि तो रंग आपला असतोच असं नाही. पन्ना छान दिसतो म्हणून निळ्या-काळ्या डेकमध्ये मॉक्स एमराल्ड घालणारे लोक मी कमी पाहिलेले नाहीत. माझा तोडगा : दोन रंग, 16 लँड, वर मॅना देणारी तीन-चार आर्टिफॅक्ट. तिसरा रंग हवा असेल तर त्याची दोनच कार्डं, आणि ती शेवटच्या टर्नपर्यंत वाट पाहू शकतील अशी. समोरच्याचं कार्ड रद्द करणारं फोर्स ऑफ विल फुकटात खेळायला हातातलं दुसरं निळं कार्ड टाकावं लागतं. डेकमध्ये निळी कार्डं सहा-सातच असतील, तर ते पाच मॅनाचं साधं कार्ड आहे, फुकट नाही.

कुठला रंग घ्यायचा हे पॅकच सांगतो, ऐकलं तर. पहिल्या पॅकची कार्डं उजवीकडून येतात. सहाव्या उचलीलाही गॉब्लिन गाइडसारखं चांगलं तांबडं कार्ड पडून असेल तर उजवीकडे तांबडा कुणी खेळत नाही. नववी उचल तर सोन्यासारखी. आपणच उघडलेला पॅक फिरून परत येतो, तेव्हा त्यात सात कार्डं उरलेली असतात. पहिल्यांदा बघतानाच चार-पाच कार्डांची नावं डोक्यात ठेवावीत आणि परत आल्यावर कुठल्या रंगाची उडाली ते बघावं. दुसरा पॅक उलट दिशेने येतो, म्हणजे पहिल्या फेरीत डावीकडच्याला जे दान केलं त्याचं फळ आता मिळतं : त्याला निळं पाजलं असेल तर तो आपल्याला निळं देणार नाही. टेबलावर एक जण हमखास असा असतो, की त्याच्याजवळ तीन पॅक साचतात आणि तो पहिल्याच पॅककडे पासबुक वाचल्यासारखा बघत बसतो. साचलेले पॅक एकमेकांवर आडवे-उभे ठेवावेत, नाहीतर दोन मिसळतात आणि मग भांडण.

या सगळ्या हावरटपणावर जगणारा एक शहाणा टेबलावर असतो. तो लोटसकडे ढुंकून बघत नाही आणि लोकांनी टाकलेली एक-एक मॅनाची तांबडी क्रिएचर नवव्या ते तेराव्या उचलीला गोळा करतो. 16 डोंगर, बाकी सगळी गॉब्लिन आणि लाइटनिंग बोल्टसारखी थेट मारा करणारी कार्डं. त्याचं काम समोरच्याची वीस आयुष्य संपवायची, आणि त्यातलं जवळजवळ निम्मं समोरचाच करतो. दुसरं लँड शोधून आणणारं फेच लँड फोडलं, एक आयुष्य गेलं. आणलेलं शॉक लँड लगेच वापरायला उभंच ठेवलं, दोन गेली. समोरच्याच्या हातातलं कार्ड उडवणारं थॉटसीज खेळलं, आणखी दोन. वर मॅना क्रिप्ट असेल तर दर अपकीपला, म्हणजे आपल्या टर्नच्या सुरुवातीला, नाणं उडवायचं आणि हरलं की तीन. (यूपीआयमुळे खिशात नाणं नसतं, फासा टाकावा, सम-विषम आधी ठरवून.) वीसमधली आठ अशी घरातच गेली. एवढ्यावर थांबेल तर तो शहाणा कसला, त्याच्याकडे गोरिला शामनही असतो. हे माकड एक-एक मॅनात एक-एक मॉक्स खातं. तीन मॉक्स आणि 14 लँडचा तो ऐटदार डेक दोन टर्नमध्ये नुसता 14 लँडचा होतो.

बाकीच्यांचंही आयुष्याचं गणित याच माणसामुळे बिघडतं. रीॲनिमेट या कार्डाने ग्रिसेलब्रँड नावाचा मेलेला राक्षस उठवायचा तर आठ आयुष्य जातात. वीसचे बारा, त्यातले सात देऊन सात कार्डं, उरले पाच. तांबड्याने आधी तीनदा ओरबाडलेलं असेल तर ते सात द्यायला उरतच नाहीत. चॅनेलवर, म्हणजे आयुष्याच्या बदल्यात मॅना देणाऱ्या कार्डावर, पंधरा आयुष्य देऊन एम्राकुल नावाचा राक्षस आणणाऱ्याचंही तेच : वीस असताना पाच उरतात, पंधरावर तो स्वतःच स्वतःला मारतो. आणि समोर काराकास नावाचं निरुपद्रवी दिसणारं लँड असेल, तर ते एम्राकुलला एका टॅपमध्ये हातात परत पाठवतं. पंधरा आयुष्य मात्र परत येत नाहीत.

स्टॉर्म, म्हणजे एकाच टर्नला कार्डांची रांग लावणारा डेक, खेळणाऱ्याबद्दल मला सहानुभूती नाही, त्याची वाट बघणाऱ्याबद्दल आहे. टेंड्रिल्स ऑफ ॲगनी दोन आयुष्य ओढतं आणि त्या टर्नला आधी जितकी स्पेल (लँड सोडून कुठलीही कार्डं) खेळली तितक्या त्याच्या नकला होतात. वीस ओढायला आधी नऊ स्पेल हवीत. मॉक्स आणि लोटस मोजात धरायचे, काउंटर, म्हणजे रद्द, झालेलंही धरायचं, समोरच्याने काउंटर मारलं ते त्याचं स्पेलसुद्धा धरायचं. लँड धरायचं नाही. मोजणी फाशावर करावी, तोंडी करू नये, कारण सातव्या स्पेलला कुणीतरी "चहा ठेवू का?" विचारतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. टेंड्रिल्सवर फोर्स ऑफ विल मारून समोरचा हुश्श करतो, तेव्हा त्याला सांगावं लागतं, की बाबा रे, मूळ कार्डच गेलं, नकला तशाच आहेत.

सामन्यांच्या तीन फेऱ्या झाल्या, की बेसिक लँड रंगवार वेगळी करून कार्डं पेटीत परत. मोजायची सगळे घरी जायच्या आत. ती 538 भरली, तर टेबलाखाली, सोफ्याच्या फटीत वगैरे शोधण्याआधी निळ्या डेकवाल्याला थांबवावं. कंट्रोल मॅजिक किंवा ट्रेचरीने त्याने समोरच्याचं क्रिएचर पळवलेलं असतं, आणि डाव संपल्यावर ते त्याच्याच ढिगात मिसळून त्याच्याच पिशवीत गेलेलं असतं. दुसरं कार्ड डेक-बॉक्सच्या तळाशी, साइडबोर्डमध्ये (डेकबाहेर राहिलेल्या कार्डांत) सापडतं. ते बहुतेक वेळा ब्लाइटस्टील कोलोसस असतं.