स्वप्नातले आईचे हात

स्वप्नात हात दिसला की धनलाभ, तुटलेला दिसला की जवळच्या माणसाचा वियोग, असं स्वप्नांच्या अर्थांवरच्या तुमच्या लेखात सरसकट दिलंय. मला नाही पटलं. आई गेल्यावर वर्षभर स्वप्नात तिचा चेहरा कधी आला नाही, यायचे ते फक्त हात. भाकरी थापणारे, बांगड्या वर सारलेले, मनगटापर्यंत पीठ. त्यात कसला आलाय शकुन? आठवण होती ती. मेंदूत हाताबोटांना त्यांच्या आकाराच्या मानाने केवढी तरी मोठी जागा असते, मेंदूचे शल्यविशारद पेनफिल्ड यांनी १९३७ मध्येच ते दाखवलंय. शिवाय ‘कराग्रे वसते लक्ष्मी’ म्हणत डोळे उघडताच तळहात बघायची आपली सवय. मग स्वप्नात हात आले तर नवल काय? तुटलेल्या हाताचा अर्थ वाचून आधीच काळजीतलं माणूस रात्रभर जागं राहील. तेवढा परिच्छेद तरी कृपया काढा.