सासवण्याची म्हैस

अलिबागला जाणाऱ्या सगळ्यांना माझी एक कळकळीची विनंती आहे. मांडव्याला बोटीतून उतरलात की थेट किहीमचा समुद्र गाठू नका. वाटेत सासवणे लागतं, तिथे शिल्पकार करमरकरांच्या घरी जा.

विनायक पांडुरंग करमरकर, जन्म १८९१, याच गावचे. राममंदिराच्या भिंतीवर त्यांनी लहानपणी काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र कुलाबा जिल्ह्याचे (आताच्या रायगडचे) कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडलं, आणि त्यांच्या खटपटीमुळे हा मुलगा जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पोहोचला. पुढे कलकत्ता झालं, लंडन झालं. पुण्यात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला महाराजांचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच, १९२८ चा. मी पुण्यात वाढले, तो पुतळा किती वेळा पाहिला याला गणती नाही, पण शिल्पकाराचं नाव तिशी उलटल्यावर कळलं. आम्हाला ते कुणी सांगितलंच नाही, याचं आजही वाईट वाटतं.

गेल्या महिन्यात आईला घेऊन गेले. अंगणात म्हैस आहे, सिमेंटची. आईचं बालपण गोठ्यात गेलेलं. ती बराच वेळ म्हशीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "यांनी गुरांजवळ वेळ काढलाय गं. नुसतं बघून जाणाऱ्याला हे नाही जमायचं."

आत 'शंखध्वनी' हे शिल्प आहे, कोळीण आहे, ओळखीची वाटावी अशी कितीतरी माणसं आहेत. फोटोत यातलं निम्मंसुद्धा येत नाही. शिल्पाभोवती फिरावं लागतं. अंगाचा भार कुठे पडलाय, मान कशी वळलीय, पाठ काय सांगतेय, हे हळूहळू दिसायला लागतं. हात रेखाटनात मुरलेला असल्याशिवाय माती अशी बोलत नाही.

आपल्याकडे पुतळ्यांची चर्चा फुटांत चालते. उंची किती, खर्च किती. त्या अंगात जीव आहे का, हे कोण विचारतं? घडवणाऱ्याचं नाव तरी चौथऱ्यावर ठळक कोरलेलं असावं की नाही? सासवण्याला, जे राजे नाहीत, ज्यांना चौथराही नाही अशा माणसांना तितक्याच मानाने घडवलेलं पाहिलं, तेव्हापासून हा प्रश्न मला फार छळतो आहे.

आणि हे सगळं त्यांच्या कुटुंबाने राहत्या घरात जपलं आहे. चित्रकलेच्या शिक्षकांनो, यंदा सहल इथे काढा. मुलांच्या हातात कागद-पेन्सिल द्या आणि एकेका शिल्पासमोर निदान अर्धा तास बसवा. पुण्याहून कुणी निघणार असेल तर मला कळवा, मुलांना सांभाळायला मी येते.